हिमालयन ४५० साठी ऑफरोडचा क्रॅश गार्ड कसा निवडावा? जाड पाइपचा घ्यावा की ब्रँडेड?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गाडी रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५०, राहायला पुण्यात, सुट्टीच्या दिवशी भोर-वेल्ह्याकडचे कच्चे रस्ते आणि पुढच्या वर्षी हिमाचलमधल्या स्पितीचा बेत. त्यासाठी क्रॅश गार्ड हवाय, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचवणारा पाइपचा सांगाडा. दुकानदार म्हणतो चार हजारांचा जाड गार्ड घ्या, हत्ती बसला तरी वाकणार नाही. ग्रुपवाले म्हणतात बारा-तेरा हजार गेले तरी चालतील, पण ब्रँडेडच घ्या. ऐकायचं कुणाचं?

खरं तर दोघांचंही नको. एक पाइपची जाडी बघतोय, दुसरा स्टिकर बघतोय. गार्ड गाडीला कुठे आणि किती ठिकाणी धरलाय, हे आधी बघा.

गाडी आडवी होते तेव्हा जमिनीवर आपटतं गार्डचं सगळ्यात बाहेरचं टोक. तिथून बोल्टपर्यंत वीत-दीड वीत अंतर असतं, म्हणजे टोकावर बसलेला दणका पहारीसारखा बोल्टला उचकटायला बघतो. एका बाजूला दोनच बोल्ट असतील आणि तेही एकमेकांच्या शेजारी, तर पाइप कितीही जाड असला तरी उपयोग नाही. पाइप वाकत नाही, मग बोल्टची जागा जाते. आमच्या ग्रुपमधल्या एका गाडीला हे झालेलं आहे. गार्डला नुसता ओरखडा, आणि ज्या ॲल्युमिनियमच्या कानात बोल्ट बसतो तो कानच तुटलेला. वेगही काही नव्हता, चढावर गाडी बंद पडली आणि कलंडली एवढंच.

४५० च्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनला इंजिनाच्या खालून चेसीचे पाइप जायचे, त्यामुळे गार्डला धरायला खाली पोलाद मिळायचं. ४५० मध्ये ती रचना बदलली. इंजिन नुसतं चेसीत बसवलेलं नाही, ते स्वतःच भार घेणारा भाग आहे. त्यामुळे खालच्या बाजूला गार्ड धरण्याच्या जागा बहुतेक इंजिनाच्या बोल्टांपाशीच येतात आणि तिथे चूक झाली तर बिल गार्डचं नाही, इंजिनाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं येतं.

म्हणून दुकानात गार्ड हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. एका बाजूला किमान तीन ठिकाणी पकड आहे का, आणि त्या तीन जागा एका ओळीत न येता त्रिकोणात आहेत का? डावा आणि उजवा भाग पुढून आडव्या पाइपने जोडलेले आहेत का? हा आडवा पाइप बरेच जण शोभेचा समजतात, पण डावीकडचा दणका उजवीकडच्या बोल्टांनाही वाटून देण्याचं काम तोच करतो. तिसरी गोष्ट म्हणजे बोल्टपाशी असलेल्या पट्ट्या. पाइप २५ मिमीचा आणि त्याला वेल्ड केलेली पट्टी पत्र्यासारखी पातळ, असे गार्ड बाजारात भरपूर आहेत. पट्टी निदान ५ मिमीची हवी आणि वेल्ड पाइपच्या चहूबाजूंनी फिरलेला हवा, दोन टिंबं टाकलेला नको.

आता पाइप. दुकानदार ‘१४ गेज आहे साहेब’ म्हणतो तेव्हा पाइपची भिंत साधारण २ मिमीची असते, १६ गेज म्हणजे १.६ मिमी. पण जाड भिंतीपेक्षा मोठा व्यास जास्त कामाचा असतो. २२ मिमी व्यासाचा, २ मिमी भिंतीचा पाइप घेतला आणि भिंत २.५ केली, तर वजन सुमारे २२ टक्के वाढतं आणि ताठपणा जेमतेम १७ टक्के. तेच भिंत २ मिमीच ठेवून व्यास २५ केला, तर वजन १५ टक्क्यांनी वाढतं आणि ताठपणा तब्बल दीडपट होतो. त्यामुळे २५ मिमी व्यास आणि २ मिमी भिंत हे मला या गाडीसाठी योग्य माप वाटतं. असा पाइप मीटरला सव्वा किलोच्या आतच भरतो. पूर्ण संचात पाच मीटर पाइप गेला तर पट्ट्या-बोल्टांसकट सहा-सात किलो. गाडी आधीच १९६ किलोची आहे आणि चिखलातून ती उचलायची तुम्हालाच आहे. त्याहून जड गार्ड मी घेणार नाही.

‘हत्ती बसला तरी वाकणार नाही’ हे तर मला गार्डचं गुणवर्णन वाटतच नाही. जोराच्या आपटीत काहीतरी वाकणारच आहे. ते गार्ड असलेलं परवडतं, कारण तो बदलता येतो. इंजिनाच्या आधी गार्ड वाकावा, आणि वाकूनही केसिंगला टेकू नये, एवढीच अपेक्षा ठेवा. म्हणून गार्ड आणि इंजिनाच्या मध्ये दोन-तीन बोटं जागा मोकळी हवी. दिसायला चिकटून बसलेला गार्ड फोटोत छान दिसतो, पहिल्या पडण्यातच क्लच कव्हरला भिडतो.

स्टेनलेस की साधं माइल्ड स्टील? ताठपणात दोघांत फरक जवळपास नाही, व्यास आणि भिंत सारखी असली तर दोन्ही सारखेच वाकतात. स्टेनलेसचे पैसे गंजासाठी मोजायचे. तुम्ही रत्नागिरी-मालवणला राहत असता तर मी स्टेनलेसच म्हटलं असतं, कारण खाऱ्या हवेत पावडर कोटिंगला एक टवका उडाला की आत गंज सरकतो. जांभ्यावर गाडी एकदा घासली की टवके नाही, सालच निघते. पण तुम्ही पुण्यात आहात आणि स्पितीला जाणार आहात. तिथे गार्ड तुटला तर साधं आर्क वेल्डिंग करणारा कुणीतरी सापडतो, स्टेनलेसला सहसा वापरतात ते आर्गन वेल्डिंग शोधत बसावं लागेल. म्हणून तुमच्यासाठी माइल्ड स्टील, चांगल्या पावडर कोटिंगचा. पाइपची टोकं बंद असतील तर खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोक आहे का ते बघा, नाहीतर पावसाळ्यानंतर तो आतून कुजतो. आणि कुठेही वेल्ड करायची वेळ आली तर गार्ड गाडीवरून उतरवूनच करा. गाडीवर असताना आर्क मारू देऊ नका, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा, भरवसा नाही.

यापुढचा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तो पकडीच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. तो म्हणजे तुमचा पाय. गार्ड इंजिन वाचवतो, पायाचं काय होईल ते त्याच्या आकारावर ठरतं. ऑफरोडला आपण फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटांवर, उभे असतो, गाडी घसरली की पाय आपोआप बाहेर आणि पुढे जातो. त्या वाटेत गार्डचा पाइप उभा असेल तर नडगी थेट त्यावर. खाली, फूटपेगच्या जरा पुढे उघडी कमान असेल तर घोटा तिच्यात अडकतो आणि वर १९६ किलो येतात. बुलेटला असतो तसा रुंद, सरळ दांड्याचा लेग गार्ड या कामाला अजिबात नको, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण म्हणजे खोल चाकोरीत किंवा कारवीच्या दाटीत तो दोन्ही बाजूंना अडकतो, आणि एका बाजूने अडकला की हँडल त्याच बाजूला वळतं.

हे तपासायला गाडी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला तरी धरायला लावून उभी करा. बूट घालून पेगवर उभे राहा. गुडघे टाकीला लावा, मग पाय पुढे काढून जमिनीवर ठेवल्यासारखं करा, दोन्ही बाजूंनी. नडगी कुठेही घासली तर तो गार्ड कितीही नावाजलेला असो, तुमच्या उंचीला तो नाही. उंच माणसांना हा त्रास जास्त होतो. वरून बघितलं तर गार्डची रुंदी हँडलच्या टोकांपेक्षा बरीच आत असावी. पडलेली गाडी गार्ड, हँडलचं टोक आणि मागे फूटपेग किंवा पॅनियर (बाजूला लावलेली सामानाची पेटी) अशा तीन ठिकाणी टेकून राहिली की टाकी आणि रेडिएटर दोन्ही वाचतात.

रेडिएटर म्हटलं म्हणून: ४५० ही वॉटरकूल्ड आहे, ४११ नव्हती. त्यामुळे समोरून गार्डच्या पाइपांनी हवा अडवायची नाही, आणि रेडिएटरच्या बाजू मात्र झाकल्या जायला हव्यात. पुढचं चाक २०० मिमीपर्यंत वर-खाली होतं. सस्पेन्शन पूर्ण दबलं आणि हँडल पूर्ण वळवलं तरी मडगार्ड आडव्या पाइपला लागत नाही ना, हे बसवणाऱ्याकडून करून घ्या. ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट आणि फिल्टरपर्यंत हात जातो का तेही विचारा. प्रत्येक सर्व्हिसला गार्ड काढावा लागला तर सहा महिन्यांत मेकॅनिक त्याचे दोन बोल्ट कमी करून ठेवेल.

अर्धा गार्ड घ्यायचा की टाकीपर्यंत येणारा पूर्ण? भोर-वेल्ह्यापुरतं म्हणाल तर खालचा अर्धा पुरतो. स्पितीसाठी मी वरचा भागही घेईन, पण तो वेगळा काढता येणारा असेल तरच. मनालीकडून स्पितीला जातानाचा ग्राम्फू ते बातल हा पट्टा बघितलाय का? रस्ता म्हणजे बराचसा दगडच, त्यात नाले. नाल्यातल्या गोल दगडांवर गाडी कलंडते ती सपाट जमिनीवर नाही, एखाद्या धोंड्यावर. तो धोंडा गार्डच्या दोन पाइपांमधून आत येऊ शकतो. वरचा भाग असला की ती शक्यता कमी होते, संपत नाही.

गार्डला लटकवायच्या छोट्या बॅगा मात्र स्पितीत सांभाळून. त्यात पाणी, हत्यारं, ट्यूब भरून दोन्हीकडे चार-चार किलो झालं की खडबडीत रस्त्यावर वेल्डला दिवसभर हादरे बसतात आणि पडायच्या आधीच पट्टी चिरते. रेनकोट, हातमोजे ठेवा तिथे. फॉगलॅम्प हलके असतात, ते चालतील.

एवढं वाचून सगळं बजेट गार्डवर घालवू नका. ऑफरोडला सगळ्यात आधी तुटतात त्या क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर. त्यासाठी आतून धातूचा कणा असलेले हँडगार्ड हवेत, नुसते प्लास्टिकचे वारा अडवतात. लिव्हरच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि क्लॅम्प गच्च न आवळता ठेवा. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते, आणि ही टेप नळाच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळते. इंजिनाखालची बॅश प्लेट कंपनीची येते, पण मोठ्या दगडांसाठी तिच्याहून जाड ॲल्युमिनियमची बघा. खालून बसणाऱ्या दणक्याला क्रॅश गार्ड काहीही करत नाही. तसंच ताशी ६०-७० ला गाडी सुटली तर गार्डकडून फार आशा नको. तो उभ्याने कलंडणं आणि हळू वेगातलं घसरणं यासाठी असतो. तिथे तो पैसे वसूल करतो.

मग घ्यायचा कुठला? रॉयल एन्फिल्डचा स्वतःचा इंजिन गार्ड मिळतो, वॉरंटीची कटकट नको असेल तर सरळ तो. बाहेरचा घेतलात तर वर सांगितलेल्या कसोट्यांवर बसणारा चार हजारांचा असो की बारा हजारांचा, मला फरक पडत नाही. आमच्याकडे कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत पाइप सुंदर वाकवून देणारे कारागीर आहेत आणि मीही त्यांच्याकडून सामानाचा रॅक करून घेतलाय. पण ४५० चा क्रॅश गार्ड मी त्यांच्याकडून करून घेणार नाही. बोल्टच्या जागा थोड्या जरी चुकल्या तरी गार्ड ओढून-ताणून बसवला जातो आणि इंजिनाच्या बोल्टांवर कायमचा ताण राहतो. जिगवर, म्हणजे मापं पक्की धरणाऱ्या साच्यात बनलेलाच घ्या. सोबतच्या कागदात कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा हे छापलेलं नसेल, तर तो मागे ठेवा.

बसवताना इंजिनाचे बोल्ट एकावेळी एकच काढायचा, खाली जॅक लावून. सगळे एकदम काढले की इंजिन किंचित बसतं आणि भोकं जुळत नाहीत, मग हातोडी निघते. आधी सगळे बोल्ट हाताने लावून घ्यायचे, गार्ड मोकळा बसला की मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. पहिल्या कच्च्या रस्त्यानंतर परत एकदा तपासायचे, आणि प्रत्येक पडण्यानंतरही. निघालेले मूळ बोल्ट टाकून देऊ नका, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. स्पितीत गार्ड काढून ठेवायची वेळ आली तर गार्डचे लांब बोल्ट त्या जागी चालत नाहीत.