बोट लागली: बंदराला, खडकाला आणि उतारूला

विचारणा थोडक्यात अशी: कोकणातल्या जुन्या पत्रांत 'बोट हर्णैला लागली' असं येतं आणि 'वहिनींना बोट लागली' असंही येतं. हे 'लागणे' एकच का? हर्णैला आगबोटीसाठी धक्काच नव्हता, तर बोट लागायची कशाला? आणि त्या पत्रांतला 'पडाव' म्हणजे हिंदीतला मुक्कामाचा पडाव का?

क्रियापद एकच आहे आणि गंमत म्हणजे वाक्याची बांधणीही एकच आहे. 'हर्णैला बोट लागली', 'वहिनींना बोट लागली', 'खडकाला बोट लागली'. तिन्हींत कर्ता बोट, तिन्हींत 'लागली' बोटीच्या लिंगाप्रमाणे चालतं, आणि ज्याला लागली ते चतुर्थीत. म्हणून 'मी बोटीला लागलो' असं कोणी म्हणत नाही. लागते ती बोट, माणसाला. अर्थ ठरतो तो चतुर्थीतल्या शब्दावरून. तिथे बंदर असेल तर बोट पोचली, माणूस असेल तर पोटात ढवळलं, खडक किंवा वाळू असेल तर अपघात.

माणसाला लागणाऱ्या बोटीला मराठीत मोठा गोतावळा आहे. ऊन लागतं, परगावचं पाणी लागतं, तंबाखू लागते, सुपारी लागते. यात 'सुपारी लागली' हा प्रयोग सगळ्यात जवळचा: खाल्लेली सुपारी घशाखाली गेल्यावर छातीत दाटतं, घाम फुटतो, डोकं गरगरतं. वस्तू बाहेरची, त्रास आतला, आणि दोष वस्तूकडे. पुढे एसटी आली तेव्हा वेगळा शब्द शोधावा लागला नाही. 'गाडी लागते' हे आयतं तयार होतं. त्या गाडीचीही जोडी तशीच: गाडी फलाटाला लागते आणि पोराला गाडी लागते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. 'आम्हाला दापोलीला जायला बोट लागते' यात माणूस चतुर्थीत असूनही कोणी आजारी नाही. ही गरज आहे. 'जायला', 'यायला' असं काही सोबत असलं की गरजेचा अर्थ. आणि 'हर्णैनंतर दाभोळ लागतं' यात तर बोट वाक्यात नाहीच. वाटेत गाव येतं एवढंच. जुन्या पत्रात हे पाचही अर्थ एका पानावर सापडू शकतात.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त मोलाचा वाटतो. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजीला जायची. सगळ्याच बोटी सगळी बंदरं घेत नसत, पण क्रम हाच. यांत मुंबईला भाऊचा धक्का आणि पणजीला मांडवीच्या काठचा धक्का, या दोन टोकांना बोट खरोखर अंगाने धक्क्याला भिडायची. मधल्या बंदरांत बहुतेक ठिकाणी ती किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात उभी राहायची. बंदरावरचा लहान धक्का होता तो होड्या-पडावांसाठी (पडाव म्हणजे उतारू आणि माल बोटीपर्यंत नेणारी-आणणारी नाव). आगबोटीच्या तळाला जेवढं पाणी लागतं तेवढं तिथे ओहोटीला नसायचं.

मग 'हर्णैला बोट लागली' हे चूक म्हणायचं का? नाही. इथे लागणे म्हणजे 'त्या बंदराला थांबा घेणे'. उलट बाजूने पाहिलं की हे स्पष्ट होतं: 'आज बोट हर्णैला लागली नाही' याचा अर्थ समुद्र इतका उसळलेला होता की पडाव जाऊ शकले नाहीत आणि बोट उतारूंसकट पुढच्या बंदराकडे गेली. हर्णैचा माणूस मग दाभोळला उतरून चालत किंवा मिळेल त्या वाहनाने मागे यायचा. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी असल्याने आत शिरलं की पाणी निवळ. हर्णै उघड्या समुद्रावर. म्हणून 'लागली नाही' हे वाक्य हर्णैबद्दल जितकं साजतं तितकं जयगड-विजयदुर्गाबद्दल साजत नाही.

बंदरावरचे लोक मात्र यापेक्षा नेमकं बोलत. लांब धूर दिसला की 'बोट दिसली', भोंगा झाला की 'बोट आली', साखळी खडखडत खाली गेली की 'बोट नांगरली'. थोडाच वेळ थांबायचं असेल तर नांगर न टाकता यंत्र थांबवून बोट नुसती 'उभी' राही. तिच्याकडे निघालेला पडाव बोटीला 'लागे'. म्हणजे प्रत्यक्ष अंगाला अंग भिडण्याचं लागणे पडावाच्या वाट्याला होतं.

हे भिडणं कसं होई ते कळल्याशिवाय पत्रांतली अर्धी वाक्यं उलगडत नाहीत. बोट थोडी वळवून उभी केली की तिच्या एका कुशीला वारा आणि लाट कमी लागते. पडाव त्या कुशीला येतो. पडावाचा तांडेल, म्हणजे नावेवरचा मुख्य खलाशी, दोर फेकतो, बोटीवरचे खलाशी तो धरतात. दोर घट्ट आवळायचा नाही, कारण मोठी बोट हळू आणि कमी उचलली जाते, पडाव मात्र प्रत्येक लाटेला वरखाली होतो. आवळलेला दोर एक तर तुटतो नाही तर पडाव कलंडवतो. बोटीच्या अंगावरून शिडी सोडलेली असते किंवा खालच्या डेकचं दार उघडलेलं असतं. पाय टाकायची वेळ एकच: पडाव लाटेच्या माथ्यावर येऊन क्षणभर थबकतो तेव्हा. तो खाली जाऊ लागल्यावर पाऊल टाकलं की माणूस हातभर नाही, पुरुषभर खाली पडतो. तो वर येत असताना पाय लोंबता ठेवला तर पाय बोटीच्या आणि पडावाच्या मध्ये सापडतो. म्हणून हात मोकळे ठेवायचे, ट्रंक-वळकटी आधी वेगळी द्यायची, मुलं हातोहात पुढे करायची आणि खलाशी 'आता' म्हणाला की विचार न करता पाऊल टाकायचं. घोळ होई तो बहुधा विचार करणाऱ्यांचा. दुसरा घोळ घाईचा: उतरणारे उतरायच्या आधी चढणारे शिडीला हात घालत, आणि दोन्हीकडची माणसं पडावाच्या एकाच बाजूला गोळा होत.

पडाव किनाऱ्याकडे परतला की शब्द पुन्हा बदलतात. धक्क्याला तो 'लागतो', वाळूला तो 'टेकतो'. भरती असेल तर धक्क्यापर्यंत जाता येई. ओहोटीला पडावसुद्धा उथळ पाण्यात टेके आणि शेवटचा पल्ला उतारू गुडघाभर पाण्यातून किंवा खलाशाच्या खांद्यावरून पार करत. 'टेकला' यात बिघाड नाही, जाणूनबुजून केलेली गोष्ट आहे. बिघाडाची पायरी त्याच्यापुढे: गाळात 'रुतला'. दाभोळहून चिपळूणसाठी गोवळकोटकडे जाणाऱ्या खाडीतल्या लाँचींचं सगळं वेळापत्रक या एका क्रियापदाच्या भीतीवर चाले. ओहोटी लागायच्या आत वर पोचलं पाहिजे, नाही तर पुढच्या भरतीपर्यंत गाळात. (ओहोटीही 'लागते', हे जाता जाता.)

खडकाच्या बाबतीतही अशाच पायऱ्या आहेत. 'खडकाला लागली' म्हणजे घासली, धक्का बसला, कदाचित पाणी शिरलं, कदाचित नाही. 'खडकावर आपटली' म्हणजे जोराने. 'फुटली' म्हणजे संपली. गलबत फुटतं तशी. मालवणच्या बंदराच्या तोंडाशी आणि सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक दाटीने आहेत, त्यामुळे तिथल्या बोलण्यात हा अर्थ पटकन येतो. वाट माहीत असलेल्याशिवाय तिथे कोणी मोठं जहाज आत घालत नाही. आणि खडकाचं नाव आलं म्हणून बोट खडकाला लागलीच असं धरू नये. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. पण ती लाटेच्या माऱ्याने कलली, माणसं एका बाजूला गेली आणि ती उलटली. तिच्यासाठी 'लागली' हे क्रियापद वापरणं चूकच.

त्याच तारखेवरून आणखी एक बारकावा. रत्नागिरी-पणजीच्या बोटी पावसाळ्याच्या तोंडाशी बंद होत आणि पाऊस ओसरल्यावर सुरू होत. त्या काळात कोकणातला माणूस घाट चढून कोल्हापूरकडून मुंबईला जाई. रेवस-धरमतरची, मुंबई बंदरातली वाहतूक मात्र पावसातही चाले. म्हणून जुलै-ऑगस्टच्या पत्रात 'बोट लागली' असेल तर ती बोट कोणत्या मार्गावरची हे आधी बघावं. पत्रात कंपनीचं नाव असेल तर आणखी सोपं: 'शेफर्डची बोट' म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची (कारभार बदलला तरी लोकांच्या तोंडी शेफर्डच राहिलं), आणि 'माझी आगबोट' म्हणजे स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनीची. नंतर 'रामदास' चालवणारी कंपनी हीच.

आता वहिनींकडे येऊ. बोट चालू असताना नाक लाटेत घुसतं आणि वर येतं. हे झुलणं बरंच लयीत असतं आणि अंग त्याला सरावतं. यंत्र थांबलं की बोटीचा जोर जातो, ती वाऱ्याने आणि प्रवाहाने फिरते आणि लाटेला आडवी होते. मग ती नाकाकडून शेपटाकडे नव्हे, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलू लागते. त्यात बोटीच्या चालीने लागणारा वारा थांबलेला, धुराड्याचा धूर वरच्या डेकवर उतरलेला, खालून तेलाचा आणि वाफेचा वास, शेजारी सुक्या मासळीच्या टोपल्या. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, तेव्हा उघड्या बंदरात हा प्रकार आणखी वाढतो. पहाटे मतलई वारे असताना समुद्र त्यामानाने शांत. रात्रभर ठणठणीत असलेल्या माणसाला बोट बंदराला लागली की बोट लागते, ती यामुळे. पत्रात दोन्ही वाक्यं लागोपाठ येतात हा योगायोग नाही.

बोट न लागण्यासाठी जुने लोक जे सांगत त्यातलं बरंचसं आजही टिकतं. वळकटी बोटीच्या मध्यभागी पसरायची, नाळेकडे किंवा शेपटाकडे नाही. टोकाला झुलणं सगळ्यात जास्त. डुलणं खालच्या डेकवर कमी जाणवतं, पण तिथे वास आणि उकाडा. म्हणून वाऱ्याची सोय असेल तरच खाली, नाही तर वर, मध्यावर, धुराड्याच्या वाऱ्याखाली न येईल अशा जागी. पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही. कोरडं काहीतरी थोडं थोडं खायचं. आलेपाक, सुंठ, लिंबू, आवळकाठी तोंडात. दूर क्षितिजावर नजर ठेवून बसायचं, पोथी वाचत बसायचं नाही. आणि उलटी झालीच तर वारा ज्या बाजूने येतो तिकडच्या कठड्याला जायचं नाही. हे कारण सांगायची गरज नसावी.

पत्रं वाचताना आणखी दोन जागी अडखळायला होईल. 'बोटीवर' आणि 'बोटीत' यांत फरक आहे: 'भाऊ बोटीवर आहे' म्हणजे खलाशी, सुकाणी किंवा सारंग म्हणून नोकरीला, 'भाऊ बोटीत आहे' म्हणजे प्रवासात. आणि 'उतारू' हा नुसता उतरणारा नव्हे, चढलेलाही उतारूच. 'उतार' म्हणजे नदी-खाडी पार करणं, त्यावरून तो शब्द आला आणि आगबोटीपासून आगगाडीपर्यंत सगळीकडे चालला.

राहिला पडाव. हिंदीतला 'पडाव', म्हणजे प्रवासातला मुक्काम, हा 'पडणे' या धातूचा. आपल्या पत्रातल्या पडावाशी त्याचं काही नातं नाही. आपला पडाव ही नाव आहे. तमिळमध्ये नावेला 'पडगु' म्हणतात, मलयाळममध्ये 'पडवु', आणि पश्चिम किनाऱ्यावर माल वाहणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द उत्तरेकडे सरकला. ओळखायची खूण सोपी आहे: मुक्काम 'टाकतात' किंवा 'करतात', नाव 'सुटते', 'लागते', 'भरते'. 'पडाव सकाळी मिळाला' असं वाक्य असेल तर बोट रात्री नांगरली होती आणि अंधारात उतारू उतरवले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.