जॅग्वारचा गदारोळ, तुमचे ३०० शेअर आणि १४ लाखांची एक्सएफ

प्रश्न: गणपतीपुळ्याजवळ आमची हापूसची बाग आणि तीन खोल्यांचा न्याहरी-निवास आहे. घरखर्च जाऊन वर्षाला चारेक लाख शिल्लक पडतात. बँकेत नऊ लाख आहेत. २०२३ मध्ये सरासरी ४८० रुपयांनी घेतलेले टाटा मोटर्सचे ३०० शेअर आहेत. जॅग्वारने चिन्ह बदललं, जाहिरातीची जगभर छी-थू झाली आणि शेअर ६६० वरून थेट ४०० वर आला, म्हणून विकून मोकळं व्हावं असं वाटतं. दुसरीकडे मुंबईत २०१८ ची डिझेल जॅग्वार एक्सएफ १४ लाखांत मिळतेय, ६२ हजार किलोमीटर चाललेली. जुन्या चिन्हाच्या गाड्या आता दुर्मीळ होऊन भाव खातील, असं विक्रेता सांगतो. पाहुण्यांना रत्नागिरी स्टेशनवरून आणायलाही ती उपयोगी पडेल. शेअर विकून आलेले आणि हाताशी असलेले मिळून दोन लाख, बँकेतले सात लाख आणि पाच लाख कर्ज, असं जमवू का? रविवारपर्यंत २५ हजार बयाणा द्यायचा आहे.

उत्तर:

नमस्कार. एकाच गदारोळावरून तुम्ही दोन उलट निष्कर्ष काढले आहेत. लोक नावं ठेवतात म्हणून कंपनीचा शेअर विकायचा, आणि लोक नावं ठेवतात म्हणूनच तिची जुनी गाडी महाग होणार असं धरून ती घ्यायची. माझ्या मते त्या गदारोळाचा तुमच्या शेअरच्या भावाशी फारच थोडा संबंध आहे आणि गाडीच्या भावाशी त्याहून कमी.

आधी शेअर. ६६० चे ४०० झाले ते १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि ती पडझड नव्हती, वाटणी होती. टाटा मोटर्सचा ट्रक-बसचा धंदा त्या दिवशी हिशोबातून वेगळा झाला. आदल्या दिवशी ६६०.७५ ला बंद झालेला भाव दोन्ही धंद्यांचा मिळून होता. दुसऱ्या दिवशी ४०० ला उघडला तो फक्त मोटारींच्या धंद्याचा, म्हणजे टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्सचा. जॅग्वार बनवणारी ब्रिटनमधली उपकंपनी, जॅग्वार लँड रोव्हर (जेएलआर), याच भागात आहे. ट्रकच्या कंपनीचा प्रत्येकी एक शेअर तुम्हाला वेगळा मिळाला असणार. १२ नोव्हेंबरला एनएसईवर त्याची नोंदणी ३३५ रुपयांना झाली. डिमॅट खातं उघडून पाहा, ३०० च्या दोन ओळी दिसायला हव्यात. मोबाइलवरचं ॲप जुन्या खरेदीभावाशी नवा भाव ताडून लाल आकडा दाखवतं, आणि हा घोटाळा पुष्कळांचा झाला आहे.

खरेदीची किंमतही दोन भागांत वाटायची असते. कंपनीने दिलेलं प्रमाण मोटारींकडे ६८.८५ टक्के आणि ट्रककडे ३१.१५ टक्के असं आहे. म्हणजे तुमचे ४८० रुपये ३३०.४८ आणि १४९.५२ असे फुटतात. मुदत मूळ खरेदीपासूनच मोजली जाते, त्यामुळे दोन्ही शेअर दीर्घ मुदतीचे धरले जातील. ४०० अधिक ३३५ या सुरुवातीच्या भावाने पाहिलं तर तुम्ही तोट्यात नव्हता, ३०० शेअरमागे ७६,५०० रुपये नफ्यात होता. असा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे आणि त्याहून वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. विवरणपत्र भरताना जुने ४८० रुपये एकाच शेअरला लावू नका, नाहीतर एकीकडे खोटा तोटा दिसेल आणि दुसरीकडे फुगलेला नफा.

आता जाहिरातीचं. ती १९ नोव्हेंबर २०२४ ला आली. भडक कपड्यांतली माणसं दिसली आणि गाडी एकही दिसली नाही. ‘तुम्ही गाड्या विकता का?’ असं इलॉन मस्कने विचारलं आणि टीकेला उधाण आलं. पुढच्याच महिन्यात मायामीला टाइप ०० ही संकल्पना-गाडी गुलाबी आणि निळ्या रंगात दाखवली, तेव्हा दुसरी लाट आली. पण शेअरची तारीखवार नोंद पाहा. जुलै २०२४ अखेर ११७९ चा उच्चांक करून तो जाहिरातीच्या आधीच ८०० च्या खाली घसरला होता. आणि ज्या आर्थिक वर्षात ही जाहिरात आली, त्या मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात जेएलआरचा करपूर्व नफा अडीच अब्ज पौंड होता, दशकातला सर्वांत चांगला. तो रेंज रोव्हर आणि डिफेंडरने कमावला. त्या घरात जॅग्वार विक्रीने कधीच धाकटी झाली आहे.

खरे फटके नंतर बसले आणि ते वेगळ्या दिशांनी आले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं, आणि जेएलआरचा अमेरिकेत कारखाना नाही. ब्रिटनशी करार होऊन वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत ते १० टक्क्यांवर आलं. मग सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्याने कारखाने महिन्याहून अधिक काळ थांबले आणि त्या तिमाहीत, अपवादात्मक खर्च धरण्याआधीच, ४८.५ कोटी पौंडांचा तोटा झाला. शेअर विकायचा विचार करायचाच तर या कारणांवरून करा.

एक जोखीम मात्र वाढली आहे. पूर्वी जेएलआर अडखळली तर ट्रकचा धंदा थोडा टेकू द्यायचा. वाटणीनंतर मोटारींच्या शेअरमागे तो टेकू नाही, त्याचं बरंचसं भवितव्य परदेशातल्या एका कंपनीवर आहे. तुमची शेअर बाजारातली सगळी गुंतवणूक एकाच मूळ कंपनीत आहे, हा दोष जाहिरातीच्या आधीही होता. मोटारींचे १५० शेअर दोन टप्प्यांत विकून ते पैसे निफ्टी निर्देशांकाच्या फंडात टाका. ट्रकचे सध्या राहू देत. गाडीसाठी एकही विकू नका.

गाडीकडे वळू. विक्रेत्याचं दुर्मीळपणाचं गणित तीन ठिकाणी चुकतं. एक, झेप घेणारा जॅग्वार गेलेला नाही, नव्या रूपात तो ठेवला आहे. एक्सएफच्या जाळीवरचा गोल चेहरा गेला. दोन, एक्सएफचं उत्पादन थांबलं ते जाहिरातीच्या आधी, २०२४ च्या मध्यास. जॅग्वार पूर्णपणे विजेवर नेण्याचा निर्णय कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर केला होता. एप्रिल २०२५ मध्ये युरोपात जॅग्वारच्या फक्त ४९ गाड्यांची नोंद झाली, आदल्या वर्षी त्याच महिन्यात १९६१ होत्या. ‘जाहिरातीने कंपनी बुडवली’ म्हणून हा आकडा गावभर फिरला, पण दुकानात माल ठेवलाच नव्हता तर विकणार काय? तिसरं, संग्राहक मागे लागतात ते १९६१ च्या ई-टाइपसारख्या गाड्यांच्या. चार दारांच्या दोन लिटर डिझेल सेडानला तो मान मिळत नाही. आपल्याकडे व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. तुमच्या एक्सएफची पाळी २०६८ ला येईल. तोवर कलमंसुद्धा नवी लावावी लागतील.

नवीन असताना या गाडीची किंमत १४ लाखांच्या कितीतरी पट होती. मग ती इतकी स्वस्त का? कारण वॉरंटी संपल्यावर खर्च मालकाच्या अंगावर येतो आणि जुन्या आलिशान डिझेल गाडीला गिऱ्हाईक कमी असतं. दिल्लीकडे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आल्यावर तिकडच्या गाड्याही इकडे आल्या. पहिली नोंदणी कुठली, हे वाहन पोर्टलवर स्वतः तपासा.

या गाडीतलं इंजिन जेएलआरचं इंजेनियम डिझेल असणार. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती सैल झाली तर चेन स्वस्त आणि मजुरी महाग, कारण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स नाहीतर इंजिनच उतरवावं लागतं. दुसरा त्रास काजळीच्या गाळणीचा, म्हणजे डीपीएफचा. ती स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. तुमच्या फेऱ्या बाजार, बाग आणि आरे-वारेच्या वळणावळणाच्या रस्त्याने रत्नागिरी. साफसफाई अर्धवट राहते, जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि तेच चेनला मारक ठरतं. ऑइलपट्टीवर पातळी खुणेच्या वर दिसली तर ‘भरपूर ऑइल आहे’ असं समजू नका, ते डिझेल असू शकतं. काही गाड्यांत पट्टीच नसते, तिथे पडद्यावरची पातळी पाहा.

बॉडीचा मोठा भाग ॲल्युमिनियमचा. ती गंजत नाही हे खरं, पण पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते आणि जोड खात जाते. ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे हात, खालच्या वायरींचे जोड यांना समुद्रकाठ सोसत नाही. ठोकर बसली तर नेहमीचा पत्रेवाला हात लावत नाही, रिव्हेट आणि गोंदाचं काम जाणणारी कार्यशाळा लागते. पावसात तांबड्या मातीच्या पाणंदीत अशा बुटक्या गाडीचं पोट घासणार, तेही धरा. आणि मुंबईची कार्यशाळा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दर बिघाडाला गाडी लादून न्यायला फ्लॅटबेड ट्रक.

चार वर्षांचा हिशोब मी सावध अंदाजाने असा धरतो. विमा २.२ लाख, नेहमीची सर्व्हिसिंग २.८ लाख, टायरचा एक संच ८० हजार, गिअरबॉक्स ऑइल आणि ब्रेक ९० हजार, अचानकच्या दुरुस्त्या ४ लाख, ओढून नेणं ४० हजार. पाच लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता १३,४१४ रुपये आणि व्याज १.४४ लाख. चार वर्षांनी गाडी साडेसहा लाखांना गेली तर घसारा साडेसात लाख. बेरीज २० लाख, म्हणजे वर्षाला पाच लाख, इंधन सोडून. तुमची शिल्लक चार लाखांची आहे.

आणि ती शिल्लकही बारमाही नाही. पैसा येतो ऑक्टोबर ते मे. पाहुणे दिवाळीपासून, पेट्या मार्च-एप्रिलपासून. जूननंतर खोल्या रिकाम्या, आणि त्याच काळात कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून झाडाला देतात ते औषध), खतं, पुढे मोहोराच्या फवारण्या यांचा खर्च सुरू होतो. चार महिन्यांचा घरखर्च अडीच लाख आणि बागेचे दोन-अडीच लाख, म्हणजे पाच लाख बँकेत हलवायचेच नाहीत. अवकाळीने मोहोर गेला तर हेच पाच लाख पुढचा हंगाम उभा करतात. तुमच्या योजनेत तिथे दोन लाख उरतात.

पाहुणे आणण्याचा मुद्दा तर सोडूनच द्या. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, परवाना लागतो. खोलीच्या बिलात ‘पिकअप’ म्हणून रक्कम लावली आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. स्टेशनसाठी गावातल्या परवानाधारक चालकाशी फेरीचा दर ठरवून ठेवा.

तेव्हा, ही गाडी घेऊ नका. हौस आहे हे मला कळतं आणि हौशीला माझी हरकत नाही. पण तिला लागणारा पैसा पाच लाखांच्या राखीव रकमेच्या वरचा हवा, कर्जाविना हवा, आणि गाडीच्या किमतीच्या निम्म्याएवढी दुरुस्तीची रक्कम वेगळी ठेवलेली हवी. १४ लाखांच्या गाडीला म्हणजे २१ लाख मोकळे. दोन चांगले हंगाम गेल्यावर पुन्हा पाहू. एक्सएफ तेव्हा आणखी स्वस्त मिळेल, हे मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगतो.

तरीही मन ऐकत नसेल तर बयाण्याआधी एवढं करा. इंजिन थंड असताना, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्वतः हजर राहा. पहिल्या काही सेकंदांत मागच्या बाजूने खडखड ऐकू आली तर परत फिरा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तरीही. अधिकृत कार्यशाळेतून सर्व्हिसची नोंद आणि निदान-यंत्राचा अहवाल घ्या, त्यात डीपीएफमधली काजळी आणि शेवटच्या ऑइल बदलाचं अंतर पाहा. ‘गिअरबॉक्स ऑइल आयुष्यभराचं’ असं कोणी म्हणालं तर मानू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते, आणि या गाडीची आठ वर्षं भरतच आलीत. जुनं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असल्याने ना-हरकत लागते का ते आरटीओत विचारून घ्या. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा नवी सुरक्षा नंबरपाटी बसली आहे का तेही बघा. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात, आणि विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

बयाणा रोख देऊ नका. खात्यातून पाठवा आणि त्याआधी व्हॉट्सॲपवर विक्रेत्याकडून एवढं लिहून घ्या: ‘अधिकृत कार्यशाळेच्या तपासणीत दोष निघाल्यास २५ हजार सात दिवसांत पूर्ण परत.’ हे लिहून द्यायला त्याने टाळाटाळ केली, तर रविवारपर्यंत थांबायचीही गरज नाही.