किल्ली डिकीत राहिली तर

प्रश्न : गेल्या महिन्यात रंकाळ्यावर गाडी लावली आणि डिकीतून जेवणाचे डबे काढताना किल्ली आतच राहून झाकण बंद झाले. एका कारागिराने काचेच्या कडेतून लोखंडी पट्टी घालून, बरीच खटपट करून दरवाजा उघडून दिला. मात्र तेव्हापासून ती काच वर-खाली करताना करकर आवाज येतो. दुसरी किल्ली घरी होती. अशा वेळी काय करायला हवे होते?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रिमोटवरच्या डिकीच्या बटनाने फक्त डिकी उघडते, चारही दरवाजे लॉकच राहतात, आणि झाकण खाली येताच तीही लॉक होते; त्यामुळे हा प्रकार अगदी सावध माणसाच्या बाबतीतही घडतो. घरी दुसरी किल्ली असताना, रंकाळ्याहून राजारामपुरीला रिक्षाने जाऊन ती आणणे हाच सर्वांत स्वस्त आणि गाडीला कसलीही इजा न करणारा मार्ग होता.

पट्टीचा उपाय जुन्या गाड्यांसाठी होता. मारुती ८०० सारख्या गाडीत काचेच्या कडेला वर येणाऱ्या खुंटीपासून कुलपापर्यंत एक सरळ सळई जात असे आणि पट्टीच्या खाचेत ती अडकवून ओढली की काम होत असे. आजच्या बहुतेक गाड्यांत त्या सळईच्या जागी आवरणातली केबल असते, शेजारून पॉवर विंडोच्या आणि स्पीकरच्या तारा जातात, तर काही गाड्यांच्या दरवाजात बाजूच्या एअरबॅगचा सेन्सरही असतो. अशा ठिकाणी न बघता पट्टी फिरवणे मला मुळीच मान्य नाही. आपल्या गाडीत बहुधा काचेखालची रबरी पट्टी आत दुमडली असावी किंवा काच तिच्या खोबणीतून थोडी सरकली असावी. दरवाजाचे आतले पॅड काढून तपासणी होईपर्यंत ती काच वापरू नका, अन्यथा काचेवर चरे पडतील आणि मोटरवरही ताण येईल.

जाणकार माणूस वेगळ्या पद्धतीने काम करतो. तो दरवाजाच्या वरच्या मागील कोपऱ्यात प्लास्टिकची पाचर बसवतो, त्या फटीत हवेची चपटी पिशवी सरकवून ती हळूहळू फुगवतो आणि करंगळीएवढी फट पडली की रबर चढवलेली लांब सळई आत घालून लॉकचे बटन दाबतो किंवा आतले हँडल ओढतो. पिशवी गरजेपेक्षा जास्त फुगवली तर दरवाजाची चौकट वाकते आणि मग वेगात गाडी चालवताना वाऱ्याचा आवाज येतो, पावसात पाणी झिरपते. कोल्हापूरच्या पावसात ही साधी गोष्ट नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ‘पिशवी आहे का?’ एवढे जरूर विचारा, आणि समोरच्याने आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) मागितली तर राग मानू नका. ती डिजिलॉकरवर दाखवता येते.

पन्हाळा किंवा गगनबावड्यासारख्या ठिकाणी असाल तर विमा पॉलिसीसोबत घेतलेली रोडसाइड असिस्टन्सची सेवा उपयोगी पडते, परंतु तिचा नंबर असलेला कागद बहुधा बंद गाडीतच असतो, म्हणून तो फोनमध्ये साठवून ठेवावा. गाडीत ह्युंदाईच्या ब्लूलिंकसारखी सेवा चालू असेल आणि गाडीला नेटवर्क मिळत असेल तर फोनवरूनही लॉक उघडता येते. काच फोडून विम्याचा दावा करण्याचा विचार मात्र जपून करावा, कारण दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, त्यापायी जाऊ शकते.

हे सारे गाडी रिकामी असेल तरच. आत लहान मूल, वृद्ध व्यक्ती किंवा मुके जनावर असेल तर खर्चाचा हिशेब करत बसू नये. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला उन्हात लावलेल्या गाडीची कल्पना करा : बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी वाढू शकते आणि मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. ११२ ला फोन करा आणि मदत लगेच पोहोचणार नसेल तर मुलापासून सर्वांत दूरची, बाजूची काच फोडा. समोरची काच थरांची असल्याने ती तडकते, पण सहजी फुटून पडत नाही. दरवाजाची काच मात्र कोपऱ्यात टणक, टोकदार वस्तूचा जोराचा घाव बसला की बारीक तुकडे होऊन पडते. हाताला जाड कापड गुंडाळा आणि तोंड दुसरीकडे वळवा.

प्रश्न : चिपची दुसरी किल्ली फार महाग पडते. बाजारात साधी किल्ली करून घेतली तर चालेल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दरवाजाला किल्लीचे छिद्र असेल तर चालेल. चिप नसलेल्या किल्लीने इंजिन सुरू होणार नाही, पण कुलूप उघडेल आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. काही गाड्यांत अलार्म वाजेल. आतली मूळ किल्ली हाती येताच तो बंद करता येतो. अशी किल्ली घरी किंवा जवळच्या नातेवाइकाकडे ठेवावी, गाडीखाली चिकटवून ठेवू नये. तसेच नव्या गाडीसोबत किल्लीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी मिळाली असेल तर ती डॅशबोर्डच्या कप्प्यातून आजच काढून घरच्या कागदपत्रांत ठेवा, कारण त्या क्रमांकावरून नवी किल्ली बनवून घेता येते.