मुंग्या मोजायला एवढ्या लांब कशाला?

प्रश्न : मी औसा तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणीशास्त्र. कॉलेजमार्फत कोस्टारिकाच्या जंगलात चार महिन्यांच्या सत्रासाठी अर्ज करायची संधी आली आहे. जंगलातलं परिसंस्थाशास्त्राचं काम आणि जोडीला संख्याशास्त्र. पहिल्याची ओढ आहे, दुसऱ्याची धडकी भरते. बरेचसे पैसे घरूनच भरावे लागतील. आबा म्हणतात, "मुंग्या मोजायला एवढ्या लांब कशाला जाऊलालीस? आपल्या बांधावर न्हाईत का?" ताई, जाऊ की नको?

उत्तर : आबांचा प्रश्न रास्त आहे. मी खरोखर मुंग्याच मोजायला गेले होते, १९९६ साली, अंबाजोगाईहून थेट त्याच देशात, ला सेल्वा नावाच्या संशोधन केंद्रावर. वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडणारं जंगल. आपल्याकडं सरासरी एक मीटरही होत नाही. तिथल्या पानं कापणाऱ्या मुंग्या हिरवे तुकडे डोक्यावर धरून वारुळात नेतात आणि त्यांच्यावर बुरशी पिकवतात. ती बुरशी हेच त्यांच्या घरचं धान्य. शेतकऱ्याच्या मुलीला दुसरा कुठला जीव आवडणार?

सकाळी जास्त पानं येतात की दुपारी, एवढाच माझा प्रश्न होता. एका मोठ्या वारुळाच्या वाटेवर बसले. पाच-पाच मिनिटं मोजायचं, वहीत लिहायचं. सहा दिवसांत चाळीस नोंदी झाल्या. कॅल्क्युलेटरवर सरासरी काढली, फरक ठळक दिसला, मी खूश. शिकवणाऱ्या बाईंनी वही चाळली आणि विचारलं, "वारुळं किती?"

एक.

"म्हणजे तुला या एका वारुळाची सवय कळली. या जंगलातल्या मुंग्यांबद्दल तुझ्याकडं एकच नोंद आहे."

त्या रात्री मी रडले, हे लपवत नाही. ही चूक जगभर इतकी होते की स्टुअर्ट हर्लबर्ट या शास्त्रज्ञानं १९८४ मध्ये तिच्यावर आख्खा निबंध लिहिला. पण मला ती समजली ती आपल्या म्हणीतून. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो. जंगल तसं नसतं आणि शेतही नसतं. एकाच वावरात चिबडीचा तुकडा वेगळा, मुरमाड वेगळा. शीत कुठून उचलायचं आणि किती ठिकाणचं, हे ठरवण्याचं शास्त्र म्हणजे तुला धडकी भरवणारं संख्याशास्त्र. सूत्रं त्यानंतर येतात आणि आता तर आर नावाची फुकट मिळणारी संगणकप्रणाली ती सोडवते. कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालते.

हे शास्त्र तुझ्या घरी येऊनही गेलंय. पीकविम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतो, तेव्हा दहा बाय पाच मीटरचा तुकडा आपल्या मर्जीनं निवडता येत नाही. गट नंबरही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या आलेल्या आकड्यांवरून ठरतो आणि खुंटी कुठं ठोकायची तेही. या पद्धतीमागं आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं मोठं काम आहे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की कडेवरची ताटंही आत ओढली जातात आणि उतारा फुगून दिसतो, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं. आबांना हे सांग. कडेच्या ताटाचा मोह त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

माझं मत : संधी मिळाली तर जा. तिथं चार महिने रोज सकाळी मोजायचं आणि संध्याकाळी त्याचाच हिशेब करायचा असतो. आपल्या कॉलेजांत ही दोन कामं दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या विषयांची म्हणून शिकवतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पण दोन गोष्टींत माझ्यासारखी फसू नकोस. तिथले श्रेयांक तुझं विद्यापीठ धरणार का, हे लेखी घे. मला तोंडी होकार मिळाला होता. परत आल्यावर सत्र धरलंच नाही आणि वर्ष गेलं. दुसरं पैशाचं. शुल्कात किती सूट मिळते ते आधी विचार, आणि यासाठी जमीन गहाण टाकू देऊ नकोस. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते, अशा सुट्या सत्राला नाही. आत्ता जमलं नाही तर पदवीनंतर युरोपातल्या इरॅस्मस मुंडस पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडं बघ. तिथं पूर्ण शिष्यवृत्तीसाठी स्वतः अर्ज करता येतो.

अर्जाचा निकाल येईपर्यंत रिकामी बसू नकोस. हरभऱ्यात घाटेअळी टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला पक्षीथांबे लावतात ना, एकरी वीसेक? त्यानं अळी खरंच कमी होते का, ते मोज. थांबे असलेलं एक शेत आणि नसलेलं एक, एवढ्यावर थांबलीस तर माझं वारूळच पुन्हा होईल. भावकीतली दहा शेतं घे. चिठ्ठ्या टाकून पाचांत थांबे लाव, पाच तशीच ठेव. प्रत्येक शेतात पाच ठिकाणी एक-एक मीटर ओळीतल्या अळ्या मोज आणि त्यांची सरासरी काढ. शेवटी हातात पन्नास नाही, दहाच आकडे राहतील. हे दहा का, हे तुला नीट सांगता आलं, की अर्जात लिहायला याहून चांगलं काही नाही.

चिठ्ठ्या मात्र आबांना उचलायला लाव. आणि आकडे आले की मला कळव.