वाचकांचे प्रश्न : वाळूचे घड्याळ अशुभ असते का?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर माझ्या मुलाने मोठ्या हौसेने वाळूच्या घड्याळाचे चित्र छापून घेतले. पत्रिका हाती पडताच आमच्या आत्याबाईंनी ते मृत्यूचे चिन्ह असल्याचे सांगून नाराजी व्यक्त केली. मुलाचे म्हणणे असे की, ते प्राचीन ग्रीक कालदेवतेचे चिन्ह आहे आणि त्यात अशुभ असे काहीही नाही. दोघांपैकी कोणाचे बरोबर मानावे?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : दोघांचेही थोडे बरोबर आणि थोडे चूक आहे; मात्र चिरंजीवांची चूक अधिक मोठी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये वाळूचे घड्याळ होते असे दाखवणारा निर्विवाद पुरावा नाही. अथेन्सच्या न्यायालयात वादी-प्रतिवादींना बोलण्यासाठी जो वेळ नेमून दिला जाई, तो मोजण्याचे पात्र पाण्याचे होते. हातात विळा आणि वाळूचे घड्याळ घेतलेला जो पंखवाला म्हातारा आपण चित्रांतून पाहतो, तो ग्रीकांच्या ओळखीचा नव्हता. काळ या अर्थाचा क्रोनॉस आणि शेतीच्या विळ्याचा धनी असलेला क्रोनस हा देव यांच्या नावांतील साम्यामुळे त्या दोघांची सरमिसळ झाली आणि युरोपातील पुढच्या चित्रकारांनी त्या मिश्र आकृतीच्या हाती आपल्या काळातले उपकरण दिले. कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात या म्हाताऱ्याची वंशावळ तपशिलाने उलगडून दाखवली आहे.

वाळूच्या घड्याळाचे सर्वांत जुने खात्रीलायक चित्र इटलीतील सिएना या शहराच्या नगरसभागृहात आहे. आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये तेथील भिंतींवर सुशासन आणि कुशासन यांची रूपके रंगवली. त्यांपैकी सुशासनाच्या भिंतीवर सद्गुणांच्या रांगेत बसलेल्या एका स्त्रीच्या हातात वाळूचे घड्याळ असून ती दुसऱ्या हाताने त्याच्याकडे निर्देश करते. ही स्त्री म्हणजे मृत्यू नव्हे आणि काळही नव्हे; ती संयम आहे. बोलावे किती, खावे किती, राज्य करणाऱ्याने हात सैल सोडावा किती, याचे माप ठेवणारा गुण म्हणून तिच्या हाती हे मापाचे साधन दिलेले आहे. म्हणजे आज उपलब्ध असलेल्या पुराव्यानुसार हे चिन्ह जन्माला आले ते मितपणाचे चिन्ह म्हणून, आणि ऐंशी वर्षांच्या गृहस्थाच्या पत्रिकेवर ते शोभून दिसायला हरकत नसावी.

आत्याबाईंचे म्हणणे खरे ठरते ते यानंतरच्या दीड-दोनशे वर्षांत. मधल्या काळात युरोपने १३४८ ची प्लेगची साथ पाहिली, मृत्यूचे स्मरण हा तेथील धर्माचरणाचा आणि कलेचा ठळक विषय झाला, आणि संयमाच्या हातातले घड्याळ हळूहळू सांगाड्याच्या हातात गेले. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या १५१३ मधील प्रसिद्ध ताम्रपट-मुद्राचित्रात घोडेस्वार योद्ध्याच्या शेजारून चाललेला मृत्यू त्याच्यापुढे वाळूचे घड्याळ धरतो. त्याच ड्यूररने पुढच्याच वर्षी विषण्ण बसलेल्या पंखधारी स्त्रीच्या मागील भिंतीवर आणि संत जेरोमच्या अभ्यासिकेतही तेच घड्याळ टांगले आहे. त्यामुळे एकाच कलावंताच्या हाती या चिन्हाला मरण, खिन्नता आणि शांत विद्याव्यासंग असे तीन निरनिराळे सूर लाभलेले दिसतात. सतराव्या शतकातील ‘सारे व्यर्थ आहे’ या आशयाच्या स्थिरचित्रांत कवटीशेजारी ते हटकून येते. फिलिप द शांपेन याच्या एका चित्रात तर ट्यूलिपचे फूल, कवटी आणि वाळूचे घड्याळ एवढ्या तीनच वस्तू आहेत. इमान्युएल विन नावाच्या चाच्याने १७०० मध्ये आपल्या जहाजावर फडकवलेल्या काळ्या निशाणावर कवटी आणि हाडे यांच्या जोडीला वाळूचे घड्याळ होते. शरण येण्यास तुमच्याजवळ फार वेळ उरलेला नाही, हा त्याचा अर्थ समोरच्या नाविकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या वस्तूला असा अर्थ का चिकटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भिंतीवरचे काट्यांचे घड्याळ आता किती वाजले एवढेच सांगते. ते फिरत राहते आणि त्याला शेवट नसतो. वाळूच्या घड्याळात मात्र किती उरले ते समोर दिसते, आणि ज्यातले उरलेले दिसते त्यातले संपणेही दिसते. आपल्याकडे ‘मुठीतून वाळू निसटावी तसा वेळ निसटला’ असे आता सर्रास लिहिले जाते. परंतु मुठीतली वाळू सांडून वाया जाते, तर घड्याळातला एकही कण कमी होत नाही, हा फरक असे लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आत्याबाईंना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी. आपल्या लग्नघरांत पूर्वी पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याचे घटिकापात्र सोडीत असत. त्याच्या तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरत जाई, आणि पात्र भरले की ते बुडे. अशी किती पात्रे बुडाली हे मोजून मुहूर्त साधला जाई आणि त्या पात्राची हळदकुंकू वाहून पूजाही होई. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार आपण एखाद्याचा अंत जवळ आला या अर्थी वापरतो, तो याच पात्रावरून आला. तरीही लग्नात ते पात्र कोणी अशुभ मानले नाही. मग वाळूच्या कुपीवरच रोष कशासाठी? सहस्रचंद्रदर्शनात तर आपण पाहून झालेल्या पौर्णिमा मोजतो. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. पत्रिकेवरील चित्रात खालच्या कुपीत साचलेली वाळू ठळक दाखवली असेल, तर ती त्याच हिशेबाची आहे असे समजण्यास काही प्रत्यवाय नाही.

प्रश्न : पाण्याची टाकी रिकामी होत आली की तोटीची धार मंदावते. मग वाळूच्या घड्याळात वरची वाळू कमी झाल्यावर खाली पडण्याचा वेग कमी का होत नाही? आणि त्यात समुद्रकिनाऱ्यावरची वाळू चालेल का?
— अकरावीची एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे, कारण या उपकरणाचे सारे सामर्थ्य याच गोष्टीत आहे. पाण्याच्या भांड्यात तळाशी असलेला दाब वरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. म्हणून पातळी उतरली की धार बारीक होते, आणि पाण्याचे घड्याळ करणाऱ्यांना भांड्याचा आकार त्या बेताने ठेवावा लागे. वाळूचे तसे नाही. तिचे कण एकमेकांवर रेलून लहान लहान कमानी तयार करतात आणि वरचे बरेचसे वजन घर्षणामुळे बाजूच्या भिंती पेलतात. धान्याच्या उंच कोठ्यांत तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हे जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये दाखवून दिले. चिंचोळ्या तोंडापाशी कण कसे निसटतात हे ठरते ते मुख्यतः तोंडाच्या आणि कणांच्या आकारावरून. वर ढीग केवढा आहे यावरून नव्हे. बेव्हर्लू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार हा प्रवाह तोंडाच्या व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. मात्र त्याआधी कणाच्या आकारानुसार व्यासातून थोडी वजावट करावी लागते. कण अगदी बारीक असतील तर तोंड दुप्पट केल्यावर वाळू साडेपाच पटींहून अधिक वेगाने पडेल. तोंड कणाच्या काही पटींइतकेच अरुंद असेल तर कमान पक्की बसते आणि घड्याळ थांबते.

किनाऱ्यावरची वाळू तशीच भरू नये. तिचे कण लहानमोठे असतात, त्यांत शंखशिंपल्यांचे तुकडे असतात, आणि मिठामुळे ती ओलावा धरते. जुन्या कारागिरांनीही साधी वाळू क्वचितच वापरली. अंड्याच्या टरफलांची पूड, संगमरवराचा चुरा, जाळलेल्या शिशाची भुकटी असे पदार्थ ते पसंत करीत. १३९३ च्या सुमारास पॅरिसमधील एका गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या घरकामाच्या पुस्तकात काळ्या संगमरवराचा चुरा द्राक्षाच्या मद्यात उकळावा, वर आलेला फेस काढावा, उन्हात वाळवावा आणि हे नऊ वेळा करावे, अशी कृती दिलेली आहे. घरी प्रयोग करावयाचा असल्यास एवढा खटाटोप नको. वाळू गोड्या पाण्याने धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, बारीक चाळणीने दोनदा चाळून घेतली तरी पुरे.

प्रश्न : जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये, मोजतात त्याचा वाळूच्या घड्याळाशी संबंध आहे असे ऐकले. ते खरे आहे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : होय. लाकडाचा एक चपटा तुकडा दोरीला बांधून जहाजाच्या मागे समुद्रात टाकीत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. २८ सेकंदांचे लहान वाळूचे घड्याळ उलटे करून ते रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजीत. दोन गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच ठेवले की सुटलेल्या गाठींची संख्या हाच ताशी सागरी मैलांतला वेग ठरे. पहाऱ्यासाठी अर्ध्या तासाचे मोठे घड्याळ वेगळे असे. ते दर वेळी उलटताना घंटेचे ठोके देत, आणि चार तासांचा पहारा आठ ठोक्यांनी संपे. घड्याळ उलटण्याचे काम बहुधा पोरसवदा खलाशाकडे असे. थंडीवाऱ्यात उभा असलेला तो पोरगा पहारा लवकर संपावा म्हणून वाळू पुरती पडण्याआधीच घड्याळ उलटे करी. फ्रेंच खलाशी या लबाडीला ‘वाळू खाणे’ म्हणत.