नागपुरात एवढं ऊन असताना कोराडीच्या वीज केंद्राचे कोळशाचे संच अजून का लागतात?

कारण नागपूरचा उकाडा सूर्याबरोबर मावळत नाही. आमच्या गच्चीवर सोलर आहे. मे महिन्यात दुपारी एकला मीटर उलटी, म्हणजे आमच्याकडून बाहेर जाणारी, वीज मोजतं, साडेसहाला पॅनल थंड पडतात आणि नेमके तेव्हाच घरोघरी कूलर, एसी, दिवे सुरू होतात. तो खड्डा कोणीतरी भरायला हवा.

ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यात, वीज साठून राहत नाही. मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवून फ्रिक्वेन्सी (विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तनं) 50 हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. कोराडीचे 660 मेगावॉटचे तीन संच दुपारी बंद करून संध्याकाळी लगेच चालू करता येत नाहीत. बॉयलर थंड झाला की पुन्हा तापायला कित्येक तास जातात. म्हणून दुपारी ते कमी भारावर चालवतात. नवीन नियमांत हा किमान भार 55 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपर्यंत उतरवायचा आहे, पण त्याने यंत्रांची झीज वाढते.

2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) क्षमतेचं देशाचं उद्दिष्ट मला मनापासून पटतं. फक्त क्षमता म्हणजे वीज नव्हे, साठवण हवी. आपल्याकडे घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे: स्वस्त वीज असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. असे प्रकल्प आणि बॅटऱ्या वाढायलाच हव्यात. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणं हा तर माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय, कारण त्यात मागणीच उन्हाकडे सरकते. शिवाय शेतकऱ्याला रात्री साप-विंचवांतून पंप चालू करायला जावं लागत नाही.