नॅनोस्केल हीट ट्रान्सपोर्टमध्ये पोस्टडॉक: मोठी लॅब की छोटी?

तू विचारलंयस की पीएचडी संपत आलीय, नॅनोस्केल हीट ट्रान्सपोर्टमध्ये (म्हणजे अतिसूक्ष्म वस्तूंमधून उष्णता कशी वाहते यात) बाहेरच्या दोन पोस्टडॉक ऑफर आहेत, एक नावाजलेली मोठी लॅब आणि एक छोटी, कुठली घेऊ? मी स्वतः नाव बघून देश सोडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव बाजूला ठेव. तिथे मोजतात कशावर आणि तो सेटअप तुझ्या हातात कधी येणार, हे आधी विचार. आपल्या विषयात सगळी मारामारी तिथेच आहे. वीज अडवता येते, चांगला वाहक आणि इन्सुलेटर यांच्यात वीसेक शून्यांचा फरक असतो, पण उष्णतेला तसं कुंपणच नाही, हिरा आणि प्लॅस्टिक यांच्यातही जेमतेम दहा-वीस हजार पटीचा, त्यामुळे ती तारेतून, आधारातून, मिळेल तिथून पळते आणि आपण समजतो सॅम्पलमधूनच गेली. मी पहिले आठ महिने नॅनोवायरची, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या तारेची, उष्णता वाहण्याची क्षमता (कंडक्टिव्हिटी) म्हणून जे मोजत होतो तो बराचसा वायर आणि हीटरमधल्या जोडाचाच रेझिस्टन्स निघाला! तेही माझ्या लक्षात आलं नाही, शेजारच्या ग्रुपच्या टेक्निशियनने दाखवलं. गाईड तर महिन्यातून एकदा भेटायचे.

पुस्तकात सोपं वाटतं, वायर बारीक झाली की फोनॉन (उष्णता वाहून नेणारी अणूंची कंपनं) कडांना आपटतात आणि वहन घटतं. सिलिकॉनच्या मोठ्या तुकड्याचं रूम टेंपरेचरला साधारण 148 वॅट प्रति मीटर केल्विन, आणि 2003 मध्ये बर्कलीत 22 नॅनोमीटरची सिलिकॉनची वायर मोजली तर दहाच्याही खाली. पण असा आकडा काढायला अधांतरी लटकणारे हीटर बनवावे लागतात, म्हणजे क्लीनरूम (धूळविरहित खोली) आली, तिचं ट्रेनिंग आलं, नंबर लावणं आलं. तुझं काँट्रॅक्ट एकच वर्षाचं असेल तर निम्मं यातच जाईल, आणि व्हिसा बहुतेक वेळा काँट्रॅक्टलाच बांधलेला असतो, तेव्हा मुदतवाढीचं आत्ताच लेखी घे.

थिअरी किंवा सिम्युलेशन करणार असशील तर यातलं बरंचसं सोडून दे, तिथे नाव आणि कॉम्प्युटर टाईम दोन्ही उपयोगी पडतात.

लॅब सोडून गेलेल्या दोघांशी तरी बोल, आत असलेले खरं सांगत नाहीत. आणि छोट्या लॅबवाल्यांना विचार, मोजणीचा लेझर कोण सांभाळतं? ‘तूच सांभाळायचास’ म्हणाले तर मी तरी तिकडेच जाईन, फक्त आधी सांभाळणारा अजून निघून गेलेला नसावा.